नऊ नंबरची तबकडी

क्लबचं काम बघणाऱ्या तरुण गास्तोनने गोदामातला फळा आणून धक्क्यावरच्या भिंतीला टेकवला, तेव्हा नेलिदाने आपली खुर्ची हातभर मागे सरकवली.

फळ्यावर पत्र्याच्या अकरा तबकड्या होत्या. एका नावेची एक. नाव नदीत उतरली की लाल बाजू पुढे, परत आली की पांढरी. आपली तबकडी आपणच पलटायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा पाराना नदीकाठच्या या लहानशा क्लबचा पहिला नियम होता.

क्लबच्या पंच्याहत्तरीसाठी शर्यतींतली जुनी माणसं आठवणी सांगायला जमली होती. कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. कोणी कोणाला कुठल्या वळणावर मागे टाकलं याच्या बढाया झाल्या. मग फेर्मिनने चोपन्न सालची शर्यत काढली आणि हसणं थांबलं.

पाम्पेरो, म्हणजे नैऋत्येचा वादळी वारा, अर्ध्या शर्यतीत आला होता. नावा जिथे जमेल तिथे किनाऱ्याला लागल्या, माणसं चिखल तुडवत चालत आली. धक्क्यावर नावा मोजता येईनात, त्यामुळे सगळ्यांनी फळ्यावरच विश्वास ठेवला. पाच वाजता अकराही तबकड्या पांढऱ्या होत्या. दारं लावून लोक जेवायला बसले. फेर्मिनचा थोरला भाऊ एलिओ नऊ नंबरच्या नावेवर होता. त्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी वेळूच्या बेटात सापडलं.

"बाबा मरेपर्यंत त्याला मूर्ख म्हणत राहिले," फेर्मिन म्हणाला. "म्हणे परत आला, तबकडी पलटली आणि पुन्हा गेला. मला ते कधीच पटलं नाही. तो आलाच नव्हता. दुसऱ्या कोणाचा तरी हात लागला." त्याने एकेकाला विचारायला सुरुवात केली. नेलिदाची पाळी आली. "तू कुठे होतीस गं?"

"आत. कांदे चिरत होते."

"बघा. दरवेळी विचारलं की हिचे कांदेच."

सगळे हसले. नेलिदानेही हसून घेतलं. त्या हंगामात एलिओची तबकडी तिनेच पलटायची, हे दोघांचं गुपित होतं. तो नुसता लांबून बघून मान हलवायचा. त्या दिवशी पावसाच्या पडद्यातून वळणावर एक शीड दिसलं. त्याचंच असणार, असं तिला वाटलं.

नैऋत्येला काळोख दाटला होता. पाऊस यायच्या आत फोटो घेऊ, असं गास्तोन म्हणाला. ज्याने त्याने आपली लाल तबकडी पांढरी करावी, मेलेल्यांची आपण करू. दहा पांढऱ्या झाल्या. नऊ नंबरची हलेना.

"सकाळपासून तेल घालतोय," तो वैतागून म्हणाला.

"राहू दे लाल," फेर्मिन म्हणाला. "ती तशीच हट्टी होती. तिची खुबी एकट्या एलिओला ठाऊक."

"असं कसं? फोटोत एकच लाल बरी दिसत नाही." गास्तोनने खिशातून पक्कड काढली आणि तबकडीची कड पकडीत धरली. पत्रा करकरला.

"अरे, मोडशील," फेर्मिन म्हणाला.

नेलिदा कधी उठली ते तिलाच कळलं नाही. तिने तबकडी बोटभर वर उचलली, मागचा वाकडा खिळा अंगठ्याने डावीकडे दाबला आणि मनगट फिरवलं. खट् करून पांढरी बाजू पुढे आली.

"वा, नेलिदाबाई! झालं, सगळे परत आले," गास्तोन म्हणाला. "आता सगळ्यांनी इकडे बघा."

सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. फेर्मिन तेवढा नेलिदाच्या अंगठ्याकडे बघत होता.