पसारा आवरा

"बाबा, म्हाताऱ्याला आज पुसून टाकणार आहे," लेक जमिनीवर मांडी ठोकत म्हणाली.

तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. हातातली घडी अर्धवट राहिली.

म्हातारा म्हणजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला, लेकीने उचलून आणलेला. तिच्याकडे असे तीन. एकाचा पंखा सारखा रडायचा म्हणून तो बोंबल्या, आणि तळहातावर मावायची ती चिमणी. नावं तिच्या आईने ठेवलेली. बोंबल्या आणि चिमणीवरच्या सिस्टीम लेक कपडे बदलावेत तशा बदलायची. "नवरा असा बदलू नकोस म्हणजे मिळवलं," आई म्हणायची.

म्हाताऱ्याला मात्र कोणी हात लावत नसे. घर तो सांभाळायचा. दिवे, फोटो आणि दार. घरातल्या कोणाचा फोन वायफायच्या टप्प्यात आला, की कपाटावरच्या स्पीकरमधून तो वर्दी द्यायचा. "बाबा आले. चहा ठेवा." वाक्यं आईचीच. स्वतःसाठीचं तर तिने लेकीच्या शेजारी बसून लिहून घेतलं होतं: "आई आली. पसारा आवरा."

आई गेल्यापासून बाप रोज, लेक कॉलेजातून यायच्या आत, आईचा फोन खिशात घालून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जायचा आणि परत यायचा. दारात जरा थांबलं की घर बोलायचं. मग तो खरंच दोन वस्तू उचलून जागेवर ठेवायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

"चालतोय की अजून," तो म्हणाला. "कशाला छळतेस त्याला?"

"चालतोय, पण त्याच्यावरची सिस्टीम जुनी झाली. अपडेट बंद झालेत तिचे. उद्या बाहेरून कोणीही आत घुसेल."

"घुसू दे. बोंबल्याला घेऊन जाईल फार तर."

ती हसली, पण स्क्रू काढणारा हात थांबला नाही. तिच्या भोवती वायरी, स्क्रू, उघडी झाकणं पसरली होती. आत साचलेली धूळ ती जुन्या ब्रशने झाडत होती.

"आणि त्याच्यातलं सगळं?"

"फोटो काढून ठेवलेत."

"ते नव्हे. ते... बोलणं."

"ते नव्याने लिहायचं. जुनं नव्यावर चालत नाही."

"सगळं?"

"लागेल तेवढं."

लागेल तेवढं. त्याने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

पडद्यावर प्रश्न आला होता. सगळं नष्ट होईल, पुढे जायचं का? लेकीने बटण दाबलं. म्हाताऱ्याचा पंखा थांबला. घरात इतकी शांतता असते हे त्याला ठाऊक नव्हतं. मग पंखा पुन्हा घरघरला आणि त्याने श्वास सोडला.

"कुठली टाकतेस? ती चकचकीत?"

"छे. ती दर दोन महिन्यांनी रूप बदलते. ही वर्षानुवर्षं आहे तशी राहते. कॉलेजात सगळे हसतात मला, म्हणतात, आजीबाईंची सिस्टीम. हसोत. ह्याच्यावर मला प्रयोग नकोत." तिने न बघताच हात पुढे केला. "तुमचा फोन द्या. प्रत्येकाच्या फोनची नव्याने ओळख करून द्यावी लागते."

त्याने दिला. ती काहीबाही टाइप करत राहिली. तो मागे उभा राहून बघत होता, पण पडद्यावरचं त्याला काही कळत नव्हतं.

"झालं?"

"तुमचा झाला. माझा झाला."

त्याने मान हलवली. "बरं," तो म्हणाला आणि कपडे कपाटात ठेवायला वळला.

"बाबा, एक चक्कर मारून या. चालतंय का बघू. रोज जाता तिथपर्यंत."

तो थबकला. "रोज? तुला कोणी सांगितलं?"

"म्हाताऱ्याने." ती पडद्याकडेच बघत होती. "कोण कधी आलं, कधी गेलं, सगळं असतं त्याच्या पोटात." थोडं थांबून ती म्हणाली, "दुसरा फोन चार्ज आहे ना?"

त्याने चपलेत पाय सरकवला. एका झटक्यात सरकला नाही.

"असतो," तो म्हणाला.

दोन्ही फोन खिशात घालून औषधांच्या दुकानापर्यंत तो भरभर गेला. येताना चाल मंदावली. दार उघडून तो उंबऱ्यात उभा राहिला, तोच कपाटावरून आवाज आला.

"बाबा आले. चहा ठेवा."

पुढे काही नाही. लेक वर बघत होती. तोही. आईचा फोन जुना, वायफाय धरायला नेहमीच वेळ लावायचा. तिचंही तसंच होतं. बरोबर निघाली तरी वाटेत कोणाशी तरी बोलत मागे राहायची, आणि त्याला दारात ताटकळावं लागायचं.

"दार लावा ना बाबा. डास येतायत."

"थांब जरा," तो दार धरूनच म्हणाला. "येतेय ती मागून."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, आणि गुडघ्यांवर बसून ती जमिनीवरच्या वायरी भराभर गोळा करू लागली.