एकेचाळीस नंबरचं दार

"हे एकेचाळीस," हाज्जा म्हणाली आणि दाराशी थांबून गुडघा चोळू लागली.

तौफिकने नोंदवही उघडली. सकाळपासून चाळीस झोपड्या तपासून झाल्या होत्या. अल्जिअर्सच्या या ओढ्याकाठचा उतार चढता-उतरता त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. गृहनिर्माण कचेरीत येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. निघताना साहेबांनी बजावलं होतं, "त्या हाज्जाला सांभाळून. गरिबांच्या घरांसाठी बारा वर्षं आमचे उंबरे झिजवलेत तिने. चारदा हमरस्ता अडवलाय." कुणी कजाग बाई असेल असं त्याला वाटलं होतं. निघाली एक दमलेली म्हातारी. हजला न जाताही इथे केस पिकले की बाई हाज्जा होते. सगळे म्हणत, म्हणून तोही म्हणू लागला.

बाई सरळ होती, एवढं मात्र खरं. घर लाटायला रातोरात उभ्या केलेल्या चार झोपड्या तिनेच दाखवून दिल्या होत्या. त्यांतली एक तिच्या सख्ख्या भाच्याची.

गुरुवारी ट्रक येणार होते. यादीतली कुटुंबं नव्या इमारतींत जाणार आणि मागोमाग बुलडोझर. यादीबाहेरचे रस्त्यावर.

दारात लोत्फी नावाचा तरुण तान्हं बाळ खांद्यावर घेऊन उभा होता. बाळाची छाती घरघरत होती. मागे त्याची बायको सिहेम.

"वस्तीच्या जुन्या गणनेत इथे वर्दिया हमूदी आहे," तौफिक म्हणाला. "विधवा, एकटी."

"गेली ती," हाज्जा म्हणाली. "ओरानला, मुलाकडे. पक्कं घर आहे त्याचं, आता कशाला मरायला येते इथे!"

"पण ही माणसं गणनेत नाहीत."

"दोन वर्षं राहतायत. अकरावा नियम वाच की, पोरा. मूळ माणूस सोडून गेलं तर राहत्या कुटुंबाला हक्क. फक्त वस्तीच्या समितीतल्या कुणाची साक्ष हवी, ती मी देते. तुझ्या साहेबांच्या मानगुटीवर बसून मीच करून घेतलाय तो."

तौफिकला हसू आलं. "वकील व्हायचं होतंत, हाज्जा."

"वकिलाला बसायला खुर्ची असते. मी बारा वर्षं उभी आहे."

"हाज्जा, नको ना..." सिहेम एकदम म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"तू गप गं! दूध उतू जाईल, बघ जा."

पोरगी सरकारी माणसाला बुजली असावी. तौफिकला तिची कीव आली. तो स्वतः सासऱ्याच्या दोन खोल्यांत नऊ माणसांत राहत होता.

"गुरुवारी तुम्हीही सुटाल," तो म्हणाला.

"सुटेन बाबा. पाय पसरून झोपेन."

त्याने वर्दिया हमूदीच्या नावावर काट मारली, खाली लोत्फी आणि सिहेमचं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्का बसलेली ओळ मग कचेरीत कुणालाही बदलता येत नसे.

"आता साक्षीदाराचं ओळखपत्र द्या."

हाज्जा शाई वाळेपर्यंत वहीकडे बघत राहिली. मग कण्हत पायरीवर बसली आणि कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं.

"नंबर लिहून घे," ती म्हणाली, "आणि वाचलंस की गप्प बस. फार दमलेय रे मी."

कार्डावर नाव होतं, वर्दिया हमूदी.