अख्खा डबा

लेकीला जन्मापासून असा आजार होता, की पोट भरल्याचं तिच्या मेंदूला कधी कळतच नसे. म्हणून आई घास मोजून वाढायची आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायची. पोरं चिडवतील म्हणून शाळेत मात्र ती काही बोलली नव्हती. तरीही तीन महिन्यांत लेकीचं वजन सहा किलोंनी वाढलं आणि डॉक्टर आईवरच चिडले, "अहो, असंच वाढत राहिलं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही!"

शाळेच्या बक्षीस समारंभात बाईंनी एका चिमुरडीला स्टेजवर बोलावलं. "ही रोज आपला अख्खा डबा भुकेल्या मैत्रिणीला देते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; आईचे हात मात्र मांडीवरच राहिले.



शेजारी बसलेली लेक तिला कोपराने ढोसत म्हणाली, "टाळ्या वाजव ना गं आई, माझी एकच तर मैत्रीण आहे."