दारिद्र्याची प्रकाशयोजना

पदविकेच्या चित्रपटाचा सेट पाहून प्राध्यापक हसले. निळ्या भिंती, मांडणीत लखलखणारी स्टीलची भांडी, वर ट्यूबलाइट. "सुकेशिनी, ही वस्तीतली खोली ना? मग दारिद्र्य कुठे आहे?"

"सर, हे आमच्याच घराबरहुकूम उभं केलंय."

"असेल, पण पटत नाही. प्रेक्षक काळोखातच कळवळतो. काजळी फासा, कंदील टांगा. नाहीतर मी उत्तीर्ण करणार नाही."

काळोखाच्या सौंदर्यशास्त्रावर प्राध्यापकांचा ग्रंथ प्रमाण मानला जाई; वस्तीत पाऊल टाकण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. सुकेशिनीने भिंतींना, भांड्यांना काजळी फासली.

चित्रीकरणाच्या दिवशी तिची आई लेकीचं काम कौतुकाने पाहायला आली आणि आपलं घर ओळखून दारातच थबकली. "असं ठेवते का गं मी घर? लोक काय म्हणतील?" तिने पदर खोचला, फडकं ओलं केलं आणि भांडी पुसायला बसली.

"कॅमेरा सुरू करा," प्राध्यापक हळूच म्हणाले. "अस्सल आहे."

सुकेशिनीने दुसरं फडकं भिजवलं आणि चालू कॅमेऱ्याकडे पाठ करून भिंत धुवायला घेतली.