नोंद झाली

बाबाजान अंडी उबवून पिल्लं राहात्याच्या बाजारात विकायचा. वीज सारखी जायची, मशीन गार पडायचं आणि पिल्लं कवचातच मरायची. कागदावरची तक्रार यंदापासून बंद, सुधारणा म्हणे. म्हणून तो पुन्हा एकदा वीज कार्यालयात सीमाताईंच्या संगणकासमोर उभा राहिला.

“लिवली का, ताई?”

“लिहिली, चाचा. हे बघा, पडद्यावर आलंय, नोंद झाली.”

तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा तक्रारींची फाईल कोरी होती, मागच्या खेपेसारखीच.

संगणक दुरुस्तीला येणारा संदीप कार्यालयाच्या साहेबांसमोर वैतागला. “साहेब, ही डिस्क लिहायच्या आधीच लिहिलं म्हणून सांगते. मजकूर थोडा वेळ नुसता डोक्यात धरून ठेवते. तेवढ्यात वीज गेली की तो जातो, वर अख्खी फाईल बिघडवून जातो. संगणकाला बॅटरी बसवा, दुसरा इलाज नाही.”

“डिस्कला कशाला बोल लावता?” बाबाजान म्हणाला. “हितं समदेच करायच्या आधी झालं म्हनत्यात.”

साहेबांनी बॅटरीची मागणी वर पाठवली. तिकडं बाबाजाननं मेलेल्या पिल्लांसाठी आणखी एक खड्डा खणला.

महिन्याभरानं वरून उत्तर आलं.

 

“संगणकातील नोंदी तपासल्या. आपल्या भागात वीज गेल्याची एकही तक्रार नाही. सबब बॅटरीची गरज दिसून येत नाही.”