पंखाला हात

"कोणी धरलं त्याला?" बोटीच्या शिडीवर पाय टाकत गाइडने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

 मासे बघायला आलेले सगळे पाण्यातून नुकतेच वर येऊन, टॉवेल गुंडाळून बाकांवर बसले होते. आत्ताआत्तापर्यंत खालून पाकट माशांचा अख्खा थवा चालला होता, दरवर्षीच्या आपल्या वाटेने, एकेकाचा पंख दाराएवढा. मग मधल्या सगळ्यात मोठ्या माशाने अंगाला पीळ दिला, सरळ खाली बुडी मारली, आणि त्याच्यामागून सगळेच दिसेनासे झाले.

"निघताना सांगितलं होतं, लांबून बघायचं. ज्याने हात लावला तो आता बोटीतच बसेल. आणि कोण ते कळलं नाही, तर आपण सगळेच परत."

"एकापायी सगळ्यांना शिक्षा?" लाल टोपीवाल्या बाई कुरकुरल्या.

टोकाला नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं बसलं होतं. त्यातला नवरा केस पुसता पुसता सहज म्हणाला, "आजोबांचा हात लागला असेल हो. त्यांना धड पोहता तरी कुठे येतंय."

सगळ्यांच्या माना समोरच्या बाकाकडे वळल्या. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. पाण्यात उतरण्याआधी त्यांनी कानातलं यंत्र काढून पिशवीत ठेवलं होतं, ते अजून तिथेच होतं. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर ते हसले.

"केवढा होता, नाही?" ते म्हणाले. "थेट माझ्याकडे बघितलं त्याने."

"बघा, जवळ गेलेच होते," बाई म्हणाल्या. "झेपत नाही तर यायचं कशाला? या वयात घरी बसावं माणसाने."

"आमचीही ट्रिप वाया घालवली," मागून कोणीतरी म्हणालं.

आजोबा मान डोलावत राहिले. सगळे माशाचंच कौतुक करतायत, असं त्यांना वाटत असावं.

बायको नवऱ्याकडे बघत होती. पाण्यात ती त्याच्या बाजूलाच होती. त्याने पंखाची कड मुठीत पकडली, दुसऱ्या हाताने कॅमेरा स्वतःकडे वळवला, आणि मासा सुटायला धडपडला तरी मूठ सोडली नाही. सोडली तेव्हा काळ्या कातडीवर बोटांचे फिकट ठसे राहिले होते. आता तोच हात तिच्या खांद्यावर होता.

गाइड आजोबांपुढे गुडघ्यांवर बसली. त्यांच्या पायांतल्या पोहायच्या रबरी फिन्सकडे बोट दाखवून तिने काढायची खूण केली. आजोबांचा चेहरा जरा उतरला. "झालं का? संपलं?" एवढंच विचारून ते मुकाट्याने वाकले आणि ओल्या रबराशी झटू लागले. पाय काही निघेना. बोटीवर कोणीतरी फिसकन हसलं. नवराही हसला.

बायकोने खांद्यावरचा हात बाजूला केला.

"आजोबा, राहू द्या," ती म्हणाली. मग त्यांना ऐकू येत नाही हे लक्षात येऊन तिने उठून त्यांचा हात धरला. "ताई, यांनी नाही. माझ्या नवऱ्याने धरला होता."

"गंमत करतेय ती," नवरा म्हणाला.

तिने त्याच्या टॉवेलखालचा कॅमेरा काढला आणि गाइडच्या हातात दिला. गाइडने फार वेळ बघितलं नाही. कॅमेरा तिने नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही बोटीत बसा."

"तरीच म्हटलं," लाल टोपीवाल्या बाई म्हणाल्या आणि आजोबांवरची नजर काढून घेतली. माफी कोणी मागितली नाही. गाइडने स्वतः आजोबांची फिन सारखी करून दिली. पुन्हा उतरायचंय हे कळताच ते लगबगीने मास्क चढवू लागले.

बोट थोडी पुढे जाऊन थांबली. दूरवर पाण्याखालून काळ्या सावल्या सरकत होत्या. एकेक जण उडी मारू लागला. बायको आपला मास्क धुवायला वाकली, तशी नवऱ्याने तिचं मनगट पकडलं.

"तू चाललीस? मी इथे एकटा बसू?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आणि सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? मला बाजूला घेऊन बोलायचंस."

"आजोबांना सगळ्यांसमोरच बोलत होते," ती म्हणाली. "हात सोड."