आडवा दिवा

"खिडक्या लाव," बाबा म्हणाले आणि हातातला दिवा त्यांनी भिंतीला आडवा टेकवला.

दिवा असा धरला की बुजवलेलं भोक लपत नाही. केसाएवढा उंचवटा असला तरी त्याची सावली पडते.

मुलीने खिडक्या लावून घेतल्या. कित्येक वर्षं ती बाबांच्या हाताखाली पुट्टी कालवत होती, पण पुट्टी भरायची लोखंडी पत्ती भिंतीला लावायची तिला मुभा नव्हती. तिच्या रोजच्या भुणभुणीला कंटाळून बाबांनी घरातलीच ही खोली तिच्या हवाली केली होती. "भोकं बुजव, रंग दे. दिव्यात काही दिसलं नाही, तर सोमवारी शाळेच्या कामावर माझ्याबरोबर पत्ती घेऊन उभी राहा. दिसलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही!"

पहिल्या भिंतीवर दिवा फिरला, मागोमाग बाबांचा तळवा. काहीच लागलं नाही. दुसऱ्या भिंतीवर घड्याळाचा खिळा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नेमका कुठे, ते सापडेना. बाबांच्या कपाळाला आठी पडली.

तिसऱ्या भिंतीपाशी आई दारातून म्हणाली, "काय हो, मिळालं का काही? की चष्मा आणून देऊ?"

"तू गप्प बस गं."

चौथ्या भिंतीवर मात्र दिवा थबकला.

"हे बघ!" बाबांचा आवाज एकदम खुलला. त्यांनी पेन्सिलीने गोल काढला. शेजारी आणखी एक, खाली आणखी एक. "काय हे! भोकातली धूळ झटकलेली नाही. पाण्याचा हात फिरवलेला नाही. एका दमात पुट्टी कोंबली, मग वाळल्यावर ती खाली बसणार नाही तर काय होईल? आणि घासायचा तर नुसता आळस!"

मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

"असं काम करणाऱ्याला तुम्ही शाळेवर नेणार नाही?" तिने हळूच विचारलं.

"दारातसुद्धा उभं करणार नाही. अगं, आंधळ्यालाही कळेल, कसंबसं उरकलंय ते!"

आई तोंडावर हात धरून उभी होती. तिचे खांदे गदगदत होते.

"आता तू कशाला रडतेस?" बाबा वैतागले. "पोरीला चूक दाखवायला नको?"

मुलीने त्यांच्या हातातून दिवा घेतला आणि विझवला.

"बाबा, माझ्या त्या तीन भिंती. ही भोकं आईचं भिंतीवरचं कपाट हलवलं तेव्हा तुम्हीच बुजवलीत. मी वरून नुसता रंग दिलाय, तुमच्या कामात हात घालायची माझी काय छाती! तेव्हा मी सोमवारी येतेय, तुमचं काय ते तुम्ही ठरवा."